नजर लागण्याजोगा

साबीनो लोरूस्सो हा देशातला सगळ्यात मोठा फुटबॉलपटू आहे की नाही, यावर आमच्या रुवेल्ला गावच्या चौकातले म्हातारे रोज भांडतात. मी भांडत नाही. तो माझ्या भिंतीपलीकडे जन्मला, त्याची आई आणि मी एकाच अंगणात कपडे वाळत घालतो, आणि तो पहिल्यांदा खऱ्या सामन्यात उतरला तेव्हा त्याच्या पायात माझ्या वितोचे बूट होते. एवढं मला माहीत आहे आणि एवढ्यानेच माझं पोट दुखतं. दुखतं तर दुखतं, लपवू कशाला?

त्याची आई अद्दोलोराता. अख्खा गाव तिला लोरा म्हणतो. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या अंगणात आलो, एकाच वर्षी बाळंत झालो, आणि दोघींना मुलगेच झाले. तिचा साबीनो काडीसारखा, नाक सदा वाहतं. माझा वितो धष्टपुष्ट, आणि पायात अशी जादू की चर्चच्या मैदानावर पोरं त्याच्या मागे मेंढरांसारखी पळायची. फादर रुज्जेरोंनी उत्तरेतल्या एका क्लबच्या माणसाला बोलावलं, ते वितोला बघायला. साबीनोला नव्हे. हे फादर स्वतः सांगायचे, पण ते वारले आणि आता ऐकणारं कोणी उरलं नाही.

तो माणूस ज्या सामन्याला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी माझा शहाणा वितो तेलघाण्याच्या भिंतीवरून उडी मारून आला. घोटा सुजून वांगं झालं. सामन्याच्या सकाळी लोरा दारात. म्हणाली, पास्क्वा, संघात एक कमी पडतोय, साबीनोला घेतायत, वितोचे बूट देतेस का आजच्यापुरते? मी दिले. बारीच्या बाजारातून आणलेले, काळे, नवेकोरे. साबीनोचे पाय बारीक, म्हणून बुटांच्या टोकात मोजे कोंबले तेही मीच. संध्याकाळी तो उत्तरेतला माणूस लोराच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होता. कपसुद्धा माझेच होते, तिच्याकडे दोन सारखे कप नव्हते.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मिसरूड फुटायच्या आत साबीनो आगगाडीत बसून गेला. अठराव्या वर्षी मोठ्या संघात, मग देशाचा निळा शर्ट. डाव्या पायाने तो चेंडू असा वळवायचा की गोलकीपर एकीकडे आणि जाळं दुसरीकडे. दोनदा त्याचा संघ देशात पहिला आला. कॉफीच्या डब्यावर त्याचं तोंड छापलं, त्यामुळे रोज सकाळी मला त्याचं तोंड बघून कॉफी करावी लागे. मी ब्रँड बदलला. वितोने परत तोच आणला, म्हणाला, आई, आपलाच पोरगा आहे ना.

एकदा मोठ्या स्पर्धेत शेवटची पेनल्टी त्याने आकाशात मारली. सारा देश त्याच्या नावाने बोटं मोडत होता आणि लोरा खिडक्या लावून आत बसली होती. माझ्या मनाला गुदगुल्या झाल्या, आणि तिला कोंबडीचं सूपही मीच नेऊन दिलं. दोन्ही खरं आहे.

पण मला खरा झोंबला तो टीव्हीवाला. तो कॅमेरा घेऊन लोराच्या घरी आला आणि विचारलं, साबीनो लहानपणी कसा होता हो? लोरा चुलीपाशी उभी राहून, हात पुसत पुसत म्हणाली, "बिचारा अनवाणी खेळायचा. पहिला सामनासुद्धा अनवाणीच खेळला."

अनवाणी! माझ्या हातातला डाव भांड्यात पडला. त्यानंतर ते 'अनवाणी' असं पसरलं की विचारू नका. वर्तमानपत्रात अनवाणी, शाळेच्या फळ्यावर अनवाणी. नगरपालिकेने पाहुणे चित्रकार आणून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर हे मोठं चित्र काढलं: चेंडू घेतलेला साबीनो, अनवाणी. एकेक बोट भोपळ्याएवढं. दहा वर्षं होत आली, मी भांडी घासते आणि ती बोटं माझ्याकडे बघतात. लोराला मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायचं कशाला, जी बाई माझे बूट गिळून बसली ती ढेकर देणार आहे का?

आता तुम्ही म्हणाल, एवढं पोटात आहे तर तू तिच्याशी बोलतेस कशी? बोलते, कारण तिला माझी गरज पडते. आमच्या गल्लीत नजर काढायचे शब्द मला येतात. माझ्या सासूने एका नाताळच्या आदल्या रात्री माझ्या कानात सांगितले. इतर दिवशी ते सांगता येत नाहीत. ज्याला नजर लागली त्याचं अंगावरचं कापड घडी करून बशीखाली ठेवायचं, बशीत पाणी, आणि पाण्यात जैतुनाच्या तेलाचे तीन थेंब. थेंब गोल राहिले तर काही नाही. पसरले, एकमेकांत मिसळले, तर नजर आहे. मग मीठ टाकायचं, वरून कात्री फिरवायची, शब्द म्हणायचे आणि नव्या पाण्यात पुन्हा बघायचं. थेंब गोल होईपर्यंत. मला त्यात जांभया येतात, डोळ्यांतून पाणी येतं, कारण दुसऱ्याची नजर आधी माझ्यातून जाते.

लोरा दर हंगामाच्या आधी साबीनोचा शर्ट घेऊन यायची. मी नेमाने काढायची. हेवा वेगळा आणि काम वेगळं, माझ्या सासूच्या शब्दांत मी कधी खोट येऊ दिली नाही. तेल मात्र दर वेळी पसरायचं. पडल्या पडल्या पसरायचं, बशीच्या काठापर्यंत. का नाही पसरणार? मिलानपासून पालेर्मोपर्यंत प्रत्येक घरात कोणीतरी त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकत होतं. मला त्यासाठी बशा बदलाव्या लागायच्या.

लोरा म्हणायची ही लोकांची चूक. आमच्याकडे दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक केलं की लगेच 'देव राखो' म्हणायचं असतं. ते राहिलं की कौतुकाची नजर होते. लोराने त्या दोन शब्दांसाठी सगळ्या गावाला वेठीला धरलं होतं. खाटकाच्या दुकानात कोणी म्हणालं, काय गोल मारला काल तुझ्या मुलाने, की ही कमरेवर हात ठेवून उभी. तो माणूस 'देव राखो' म्हणेपर्यंत रांग पुढे सरकायची नाही. एकदा तर बिशपना म्हणायला लावलं.

मला कोणाला म्हणायला लावायची वेळच आली नाही. वितोचं कौतुक करणार कोण? तो नळदुरुस्ती करतो. त्याची बायको मिम्मा, दोन मुली, घर माझ्या घराच्या वर. पोट सुटलंय, केस गेलेत. वर्षातून एकदा मी गुपचूप त्याचा शर्ट बशीखाली ठेवायची आणि तेल सोडायची. थेंब पडायचे आणि गोल राहायचे, शर्टाच्या बटणांसारखे. तरंगत राहायचे, हलायचेसुद्धा नाहीत. दुसरी आई असती तर तिने सुटकेचा श्वास टाकला असता. मी त्या तीन थेंबांकडे बघत बसायची आणि माझा जीव जळायचा. एवढं मोठं जग, त्यात एकालाही माझ्या मुलाच्या जागी असावंसं वाटत नाही? लोराची मला कशाकशाची असूया वाटली म्हणून सांगू. नव्या फ्रिजची वाटली, तिच्या फरच्या कोटाची वाटली, पण सगळ्यात जास्त वाटली ती त्या पसरलेल्या तेलाची.

वितोला एकदा मी विचारलं होतं, तुला काहीच वाटत नाही का रे? तो घोटा सुजला नसता तर भिंतीवर तू असतास. तो जेवत होता. तोंडातला घास संपवून म्हणाला, "आई, भिंतीवर असतो तर उन्हात उभा असतो. इथे सावली आहे. आणि सॉसमध्ये मीठ कमी आहे." हे असं पोर. गाढवाला गुळाची चव काय!

या वसंतात साबीनो घरी आला. गुडघा कापून, कुबड्या घेऊन. चौतिसाव्या वर्षी गुडघा कापला म्हणजे संपलंच, पण जूनमध्ये त्याचा निरोपाचा सामना ठरला होता. निळा शर्ट घालून थोडा वेळ तरी मैदानावर चालायचं, लोकांना हात करायचा आणि निघायचं. डॉक्टर म्हणाले बघू. लोराला त्या 'बघू'ने घेरलं. कुबड्यांशिवाय माझं पोर मैदानावर गेलं पाहिजे, एवढंच तिचं चाललं होतं.

साबीनो दिवसभर अंगणातल्या अंजिराखाली पाय लांब करून बसायचा. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आवाज हळू. त्याची टीव्हीवरची बायको केव्हाच सोडून गेली होती. मला बघून उठायला जायचा, "पास्क्वामावशी, कशी आहेस?" मी म्हणायची, बस, पाय सांभाळ. काम संपवून वितो यायचा आणि त्याच्या शेजारी बसायचा. दोघं पत्ते कुटायचे. वितो त्याला बेधडक फसवायचा आणि साबीनो गालातल्या गालात हसायचा. पण हल्ली वितोचं डोकं दुखत होतं. कपाळावर ओला रुमाल बांधून कामाला जायचा. मी म्हटलं, दुपारची वाइन बंद कर. त्याने बंद केली, तरी दुखायचं राहिलं नाही.

त्या रविवारी नेहमीसारखे सगळे माझ्याकडे जेवायला होते. सकाळी लोराने आणि मी दारात बसून अंगठ्याने ओरेक्किएत्ते वळल्या होत्या, कानाच्या पाळीएवढ्या. माझा ढीग मोठा, तिचा बशीभर. माय-लेक दोघांना कितीसा लागतो पास्ता? दुपारी माझ्याकडे नेहमीचा बाजार. मुली एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या, मिम्मा ओरडत होती, वितो मिठावरून माझ्याशी भांडत होता आणि भांडता भांडता तिसऱ्यांदा वाढून घेत होता. खिडकी उघडी होती. पलीकडून लोराच्या घरून फक्त काट्या-चमच्यांचा आवाज येत होता.

सोमवारी दुपारी लोरा आली. हातात रुमालात गुंडाळलेलं कापड.

"साबीनोचा बनियन," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पडला होता. घामाचा आहे, तसाच आणलाय. त्याच्याकडे मागितला असता तर दिला नसता. म्हणतो, आई, माझा गुडघा डॉक्टरांनी शिवलाय, तू बशी काय बघतेस."

"डॉक्टरांनी शिवायचं ते शिवलं, आपण काढायचं ते काढू," मी म्हटलं आणि तिला बसवलं.

घडी न उघडता बनियन बशीखाली ठेवला. पाणी ओतलं, क्रूस काढला, तेल सोडलं. पहिला थेंब पडला आणि पाण्यावर पांगला. दुसरा त्याला जाऊन मिळाला, तिसऱ्याचं तर नावही उरलं नाही. बशीभर पिवळी साय. सवयीने मी म्हटलं, बघ बाई, काय नजर आहे, एखाद्याने आतडी पिळून बघितलंय. एरवी लोरा लगेच नावं घ्यायला लागते, अमक्या क्लबचा तमका, जेनोवाचा तो बचावपटू. आज मान खाली.

बशी काठोकाठ भरली होती, म्हणून बनियन ओला होऊ नये असं वाटून मी तो खालून ओढला. काखेपाशी निळ्या दोऱ्याची शिवण दिसली. गेल्या हिवाळ्यात माझा पांढरा दोरा संपला होता आणि मी निळ्याने भागवलं होतं. वितो चिडवायचा, आई, मलापण निळा शर्ट मिळाला म्हणून.

"लोरा, हा साबीनोचा नाही," मी म्हटलं. "हा माझ्या वितोचा आहे."

ती शिवणीकडे बघत राहिली. मग तिला आठवलं. शनिवारी वितो तिची मोरी दुरुस्त करायला गेला होता, भिजला आणि बनियन काढून खुर्चीवर टाकला. माझ्या मात्र तोवर भलतंच डोक्यात शिरलं होतं. मी बशीकडे बघत होते. पसरलंय. माझ्या वितोवर पसरलंय! आधी काळजात धस्स झालं, पोराची डोकेदुखी, ओला रुमाल, सगळं लख्ख समजलं. आणि त्या धस्सच्या मागोमाग, देवा मला क्षमा कर, केवढा तरी आनंद झाला. कोणाला तरी माझा मुलगा हवासा वाटला होता! कोण असेल? पलीकडच्या गल्लीतला दुसरा नळवाला? मिम्माची बहीण, जिचा नवरा पितो?

"कोण गं असेल?" मी लोराला विचारलं. आवाजातली मिजास मला लपवता आली नाही.

"मी," लोरा म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिने पदर धरावा तसा ॲप्रनचा कोपरा तोंडाशी धरला होता आणि बशीकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती.

"शनिवारी तो माझ्या मोरीच्या ओट्याखाली आडवा पडला होता," ती म्हणाली. "नुसते पाय बाहेर. आतून मला रागावला. मावशी, किती वेळा सांगितलं तळणाचं तेल मोरीत ओतू नकोस, तुझ्या डोक्यात शिरतं की नाही? मला रागावला गं पास्क्वा. साबीनो मला रागावत नाही. साबीनो माझे आभार मानतो. कॉफी दिली की आभार, चादर बदलली की आभार. हॉटेलात मानतात तसे. मी तिथे उभी राहून तुझ्या वितोच्या पायांकडे बघत होते, आणि काल तुमची खिडकी उघडी होती, तो मीठ मीठ करत होता. साबीनो आल्यापासून रोजच मला वाटतं, हा माझा का नाही? आणि मी म्हणायला विसरले."

जिने बिशपना 'देव राखो' म्हणायला लावलं, ती म्हणायला विसरली. मी हसले असते, पण तिचे डोळे भरले होते.

"त्या दिवशी मी बूट मागायला आले नसते," ती म्हणाली, "तर तोही इथेच असता. पोट सुटलेलं असतं. माझ्यावर खेकसला असता."

वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'बूट' निघाला.

"मग त्या टीव्हीवाल्याला अनवाणी का सांगितलंस?" मी विचारलं.

"बूट म्हटलं असतं तर तो विचारणार कोणाचे, कोणी आणले. कॅमेऱ्यासमोर मला सांगावं लागलं असतं की मीच मागून आणले, मीच त्याच्या पायात घातले आणि मीच त्याला घालवला. अनवाणी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही."

एवढी वर्षं ज्या बुटांसाठी मी तिच्यावर दात धरून बसले, ते तिला मढ्यासारखे पुरून टाकावेसे वाटत होते. मला तिची दया यायला हवी होती. आली, थोडी आली. पण त्या दयेच्या शेजारी दुसरं काहीतरी ऐसपैस पाय पसरून बसलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं.

बाहेर अंजिराखाली साबीनोच्या कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या दिसत होत्या. समोरच्या भिंतीवरची भोपळ्याएवढी बोटं उन्हात चमकत होती. बशीत तेल होतं तसंच होतं, काठापासून काठापर्यंत. साबीनोच्या कुठल्याच शर्टावर मी इतकं पसरलेलं पाहिलं नव्हतं.

"मीठ टाक ना," लोरा म्हणाली. "पोराचं डोकं दुखतंय तिकडे. आणि मी आत्ता म्हणते. देव..."

मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. डोकं आणखी घटकाभर दुखलं म्हणून वितो काही मरत नव्हता.

"म्हणशील, म्हणशील. मी मीठही टाकते," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "आधी पुन्हा सांग. मोरीपासून सांग. सावकाश."